सातपैकी सहा आकडे

माझ्या गाडीच्या इंजिनवर सात आकडे कोरलेले होते. त्यातले सहा आज वाचता येतात. डावीकडून पाचवा आकडा माझ्या हातून गेला. तो कसा गेला हे मी आतापर्यंत तीन अर्जांत लिहून दिलं आहे. पण अर्जात सगळं लिहिता येत नाही, आणि लिहिलं तरी ते वाचणाऱ्याच्या कामाचं नसतं, म्हणून इथे लिहितो.

मी जळगावला पाइपांच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. सत्तावीस वर्षं झाली. पाइपाची जाडी, व्यास, लांबी, ठिबकच्या नळीचं एक छिद्र तासाला किती पाणी सोडतं, हे मोजायचं. मापात असेल तर पास, नसेल तर बाजूला. दिवसभर हातात व्हर्नियर असल्यामुळे घरीही नजर तशीच राहते, अशी बायकोची तक्रार आहे. पोळी गोल नाही असं मी कधी म्हटलेलं नाही. पण बघतो, हे तिच्या लक्षात आलेलं आहे.

नोकरी लागली तेव्हा घर धुळ्याला होतं. सोमवारी सकाळच्या बसने जळगावला यायचं आणि शनिवारी संध्याकाळी परत जायचं, असं अडीच वर्षं चाललं. दर सोमवारी पारोळ्याच्या पुढे एक लाल, छोटी गाडी आमच्या बसला मागे टाकून जायची. चार माणसांची, मागचं दार वर उघडणारी, लांबून डबीसारखी दिसणारी. तिचा आवाज मात्र तिच्या अंगापेक्षा मोठा होता. मी खिडकीशी बसून घड्याळ बघायचो. सात पंचवीस, फार तर चार मिनिटं इकडेतिकडे. नंबरातल्या चार आकड्यांची बेरीज सतरा यायची.

शेजारी बसणाऱ्या एका नेहमीच्या प्रवाशाने माहिती दिली, की ती धुळ्याच्या एका तरुण डॉक्टरची गाडी आहे. तिच्यातलं मूळचं हजार सीसीचं इंजिन काढून एका मिस्त्रीने मोठ्या गाडीचं तेराशे सीसीचं बसवून दिलं आहे. मी बसमध्येच हिशेब मांडला. गाडीचं वजन पावणेआठशे किलोच्या आसपास, ताकद जवळजवळ पावणेदोन पट. किलोमागे ताकद काढली तर त्या वेळी आमच्या रस्त्यावर तिला गाठणारी गाडी फार तर एखादी असेल. मला तेव्हा सायकलसुद्धा भावाबरोबर वाटून घ्यावी लागत होती. ती गाडी आपल्याला मिळावी असं वाटलं नाही, ती कशी चालते हे एकदा आतून बघावं एवढंच वाटत राहिलं. मग लग्न झालं, जळगावला बिऱ्हाड केलं आणि सोमवारची बस सुटली.

दोन वर्षांपूर्वी असोद्याहून तक्रार आली की केळीच्या शेतातल्या ठिबकच्या नळ्यांतून पाणी येत नाही. मी बघायला गेलो. शेतकरी पंचाहत्तरीचे होते, सगळे त्यांना आबा म्हणत. नळी चिरून त्यांना आतला पांढरा थर दाखवला. बोरच्या पाण्यातला क्षार साठून साठून छिद्रं बुजली होती, नळीत दोष नव्हता. आबांनी ते मान्य केलं आणि चहाला शेडमध्ये नेलं. तिथे ताडपत्रीखाली एका गाडीची मागची बाजू दिसत होती. नंबर धुळीतून जेमतेम दिसत होता. मी आधी बेरीज केली, सतरा आली, आणि मग नंबर वाचला.

"आबा, ही गाडी कोणाची?"

"आमचीच हे. पोरानं धुळ्याच्या डाक्टरकडून घेतली होती. पोरगं पुन्याले गेलं, अकरा वर्सं झाली, गाडी इथीच राह्यली."

"चालते का?"

"चालते त. पन तापते. बांधापर्यंत गेली का तापते."

"पाणी कोणतं टाकता तिच्यात?"

"बोरचंच टाको भो. केयीले चालते, गाडीले काहून नाई चालनार?"

मला हसू आलं. मिनिटापूर्वी ज्या पाण्याने यांच्या नळ्या बुजल्याचं मी दाखवलं, तेच पाणी हा माणूस अकरा वर्षं गाडीत ओतत होता. मी ते बोलून दाखवलं नाही. पुढे जे झालं त्यानंतर हे हसू मला बऱ्याचदा आठवलं.

घेण्याआधी मी फक्त नोंदणीचं पुस्तक मागितलं. इंजिन बदललेल्या गाडीत खरा प्रश्न तोच असतो. पुष्कळ जण इंजिन बदलतात आणि पुस्तकात जुनाच क्रमांक राहतो. इथे मात्र बदलाची नोंद रीतसर होती, शिक्क्यासकट. मी आरसा आणि बॅटरी घेऊन खाली वाकलो. इंजिनच्या पुढच्या अंगाला, धूर बाहेर नेणाऱ्या नळीच्या खाली, बोटभर सपाट जागा असते. तिच्यावर सात आकडे होते, पुस्तकातलेच. त्या नोंदीमुळेच मी गाडी घेतली. तसा बदल आज मंजूर करून घेणं जवळजवळ होत नाही. म्हणजे हे इंजिन आहे तोवर ही गाडी आहे. पुढची पुनर्नोंदणी तेरा महिन्यांवर होती, आणि पुस्तक धुळ्याचं असल्यामुळे ती धुळ्यालाच करावी लागणार होती.

गाडी टेम्पोत घालून घरी आणली. बायको दारात आली.

"विचारायला आलात की घेऊनच आलात?"

"विचारायला."

"मग ही टेम्पोतून उतरवतायत ती काय आहे?"

पुढचे सहा महिने रविवार तिच्यात गेले. हवेच्या नळीत उंदराचं घरटं निघालं, त्यात केळीच्या खोडाच्या सोपटाचे धागे. पायाखालचा पत्रा चार ठिकाणी गंजून गेला होता. सगळ्यात मोठं भोक एकोणीस सेंटिमीटरचं. ब्रेक, वायरी, काचांचे रबर, सीटचे स्पंज, असं एकेक करत गेलो. कुठल्या नटाला किती आवळ दिला ते वहीत लिहीत होतो. हे काम आनंदाचं असतं असं लोक म्हणतात. आनंद होता, पण एकूण मला आठवते ती कंबर. शनिवारी रात्री झोपताना उद्या परत खाली शिरायचंय हा विचार यायचा आणि सोमवारी कारखान्यात गेल्यावर जरा विश्रांती वाटायची.

मे महिन्यात गाडी सुरू झाली. आवाज तोच होता. पण उभ्या जागी बारा मिनिटं चालवली की तापमानाचा काटा लाल पट्ट्यात जायचा. रेडिएटर नवा घातला, पंखा तपासला, पाण्याचा पंप बदलला. बाराची तेरा मिनिटं झाली. म्हणजे दोष इंजिनच्या पोटात होता. पाण्याची नळी जिथे इंजिनला लागते ते तोंड उघडून मी आत बॅटरी मारली. पांढरा थर होता. एक तुकडा खरवडून काढला आणि मोजला, तीन पूर्णांक एक मिलिमीटर.

हा थर मी रोज बघतो. आबांच्या नळ्यांत होता तोच. तो काढायचा कसा हे तर मला पाठच आहे, कारण शेतकऱ्यांसाठी आमच्या कारखान्याचं जे माहितीपत्रक आहे, त्यातला ॲसिडचा मजकूर अकरा वर्षांपूर्वी मीच लिहिला. बादलीत शेतातलं पाणी घ्या, ॲसिड थोडं थोडं घालत सामू, म्हणजे पीएच, चारवर आणा, त्या प्रमाणात नळ्यांमध्ये सोडा, चोवीस तास बंद ठेवा, मग स्वच्छ पाण्याने धुऊन काढा. असोद्यापासून भडगावपर्यंत शेकडो शेतांत लोक असंच करतात आणि नळ्या मोकळ्या होतात.

मी नीट तयारी केली. क्षाराचे तुकडे कारखान्यात नेले, तीन वेगवेगळ्या तीव्रतेच्या पाण्यात टाकले, विरघळायला किती वेळ लागतो ते मांडलं. थर जुना आणि जाड, म्हणून सामू चारऐवजी दोन, म्हणजे द्रावण बरंच तीव्र, ठेवायचं ठरवलं. इंजिनच्या पोटात चार लिटर दोनशे मिलिलिटर पाणी मावतं, त्याप्रमाणे माप काढलं. क्षारावर मी तीन चाचण्या घेतल्या. ज्या धातूला तो क्षार चिकटला होता त्या धातूवर एकही घेतली नाही. इंजिन वरून खालपर्यंत ॲल्युमिनियमचं आहे हे मला माहीत होतं. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर तसं लिहिलेलंही आहे. पण त्या वेळी माझ्यासमोर इंजिन नव्हतं, बुजलेली नळी होती.

एका रविवारी सकाळी पाणी आधी भरलं आणि ॲसिड वरून मगाने ओतलं. तोंड अरुंद होतं. दोनदा बाहेर सांडलं. दिसलं तेवढं फडक्याने पुसलं. आतून फेस वर आला, बराच वेळ येत राहिला. क्षार विरघळतोय याचं समाधान वाटलं. सोमवारी सकाळी कारखान्यात जाण्यापूर्वी पाहिलं तर अजून बुडबुडे येतच होते. वहीत नोंद केली: थर अपेक्षेपेक्षा जास्त. बरोबर चोवीस तासांनी सोडून दिलं, सहा वेळा धुतलं.

आणि गाडी तापायची थांबली. चाळीस मिनिटं उभी चालवली, काटा मध्यावर. पुढच्या रविवारी बायकोला घेऊन धरणगावच्या रस्त्याला गेलो. रस्ता मोकळा होता. तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला तेव्हा सीटने पाठीला मागून धक्का दिला आणि बसच्या खिडकीतून जे बघत होतो ते आतून कसं असतं ते कळलं. साधारण अकरा सेकंद.

"कुणी वाट बघतंय का तिकडे?" बायको म्हणाली.

"नाही."

"मग जरा हळू घ्या."

असे दोन रविवार मिळाले. तिसऱ्या रविवारी पाण्याची पातळी पाहिली तर तीनशे मिली कमी. खाली थेंब कुठेच नाही. पुढच्या वेळी चारशे. पाणी बाहेर जात नव्हतं, म्हणजे ते आतच कुठेतरी जात होतं. पुनर्नोंदणीला साडेतीन महिने उरले होते. ज्या मिस्त्रीने हे इंजिन बसवलं होतं ते धुळ्याला देवपुरात अजून गॅरेज चालवतात असं कळलं. मी सुट्टी टाकली, डिकीत पाण्याचे दोन कॅन ठेवले आणि गाडी धुळ्याला नेली.

मिस्त्री चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. सगळे त्यांना नाना म्हणतात, मीही म्हणू लागलो. गाडी फाटकातून आत येताच त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. बॉनेटवर हात ठेवला.

"हाई ते डाक्टरनी गाडी शे," ते म्हणाले. "जित्ती शे अजून."

पाणी कमी होतं म्हटल्यावर त्यांनी दुसऱ्या दिवशी इंजिनचं डोकं, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवलं. मी समोरच बसलो होतो. त्यांनी ते उजेडात उलटं धरलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "मझार काय टाकं व्हतं, भाऊ?"

"फ्लश केलं होतं."

"कशाघाई?"

मी सांगितलं. किती, किती सामूचं, किती तास, सगळं सांगितलं. नाना ऐकत होते. आतल्या पाण्याच्या वाटांची कड मुंग्यांनी कुरतडलेल्या गुळासारखी झाली होती. एका ठिकाणी तर ती सिलिंडरपर्यंत पोचली होती.

"हाऊ काय केळीना मळा शे का?" नाना म्हणाले.

त्यांनीच पुढे म्हटलं, "डोकं मी भरी देसू. वेल्डिंग करसूत, घाससूत. पन पहिलेसारखं नही व्हवाव." मग ते खाली वाकले. पुनर्नोंदणीच्या कागदांना इंजिन क्रमांकाचा पेन्सिल ठसा लावायचा असतो. आकड्यांवर पातळ कागद धरून वरून पेन्सिल घासली की आकडे उमटतात. नानांनी फडक्याने ती सपाट जागा पुसली, कागद धरला, पेन्सिल घासली आणि कागद माझ्या हातात दिला.

चार आकडे, मग एक राखाडी डाग, मग दोन आकडे.

सांडलेलं ॲसिड मला दिसलं नव्हतं तिथून ओघळलं होतं आणि चोवीस तास त्या जागी बसून होतं. मी आरसा घालून पाहिलं. पाचव्या आकड्याच्या जागी खरबरीत खळगा होता. पुस्तकात तिथे तीन आहे. खळग्याकडे बघून तीन म्हणता आला असता, आठही म्हणता आला असता, आणि खोडलेला आकडा तर नक्कीच म्हणता आला असता. इंजिन क्रमांक खोडलेली गाडी चोरीची समजतात, हे नव्याने सांगायला नको.

मुक्काम बायकोच्या माहेरी होता. मेहुण्याचं धुळ्यातच बियाण्यांचं दुकान आहे. जेवताना त्याने सगळं ऐकून घेतलं.

"दाजी, पंच मारून घ्या," तो म्हणाला. "दोन मिनिटांचं काम."

"तसं चालत नाही."

"का नाही? तुम्ही खोटा आकडा थोडाच मारताय? पुस्तकात आहे तोच मारताय. उलट आत्ता आहे ते खोटं दिसतंय."

त्याचं म्हणणं तसं बरोबरच होतं. बायकोला मी फोनवर सांगितलं तर ती आकड्याबद्दल काहीच बोलली नाही.

"ॲल्युमिनियमच्या पातेल्यात आपण चिंचेचं सार ठेवत नाही," ती म्हणाली. "हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं."

"मग?"

दुसऱ्या दिवशी नानांकडे गेलो तेव्हा मेहुण्याचा विचार डोक्यात होताच. मी काही विचारायच्या आधी नानांनी ड्रॉवरमधून एक लाकडी पेटी काढून बाकावर ठेवली. आत शून्य ते नऊ असे पोलादी पंच ओळीने होते.

"हाऊ सेट शे," ते म्हणाले. "मी नही मारस. चाळीस वरीसमा कव्हय नही मारा. तुले मारना व्हई ते मार. मी चहा पेवाले जास."

आणि ते खरंच गेले. टपरी रस्त्यापलीकडे होती, तिथून त्यांची पाठ दिसत होती.

मी तीनचा पंच उचलला. कारखान्यात कधी कधी पाइपांवरचा मापाचा शिक्का पुसट येतो. लाइनवरचे लोक म्हणतात साहेब, माप तेच आहे, परत शिक्का मारू. मी त्यांना कधी मारू दिलेला नाही, आधी पाइप मोजून घेतो. हे सगळं त्या वेळी मला आठवलं असं म्हणायला बरं वाटलं असतं. पण खिशात व्हर्नियर होता आणि मी आधी तो काढला. पंचाची उंची सहा मिलिमीटर. इंजिनवरच्या आकड्यांची साडेपाच. पंचावरच्या तीनचा माथा सपाट, आणि इंजिनवर सहाव्या जागीही तीनच होता, त्याचा माथा गोल. जुळलं नसतं. मी पंच जागेवर ठेवला.

मी तो प्रामाणिकपणामुळे ठेवला की माप न जुळल्यामुळे, हे मला आजही सांगता येत नाही. साडेपाचचा, गोल माथ्याचा पंच त्या पेटीत असता तर काय केलं असतं, हा प्रश्न मी बरेचदा स्वतःला विचारला आणि दर वेळी अर्ध्यावर सोडून दिला.

नाना परत आले, पेटीत बघितलं, झाकण लावलं. "चहा थंडा व्हई गया तुना," ते म्हणाले. त्यांनी माझ्यासाठी ग्लास आणला होता.

मग त्यांनी कपाटावरून जुनी कॅलेंडरं उतरवली. नानांची एक पद्धत होती. ज्या गाडीचं इंजिन बदलायचं त्याचा पेन्सिल ठसा ते दोनदा घ्यायचे, एक कागदपत्रांना आणि एक स्वतःकडे, त्या त्या वर्षाच्या कॅलेंडरच्या मागे चिकटवून. सगळी मिळून अकरा इंजिनं होती. डॉक्टरच्या गाडीचा ठसा पाचव्या कॅलेंडरमागे सापडला. कागद पिवळा पडला होता, पण सातही आकडे होते. पाचवा तीन, गोल माथ्याचा, आणि पहिल्या आकड्याच्या डोक्यावर एक बारीक तिरपा ओरखडा. तो ओरखडा इंजिनवर अजून आहे.

मी दोन्ही ठसे शेजारी ठेवून मोजले. आकड्यांमधली अंतरं, उंची, ओरखड्याचा तिरपेपणा. एका पानाचा तक्ता केला. पहिला अर्ज त्या दुपारी नानांच्या बाकावर बसून लिहिला. त्यात ॲसिडचं सगळं लिहिलं. मेहुण्याने वाचून अर्ज परत दिला.

"हे कशाला लिहिता? घासलं गेलं म्हणा. गंजलं म्हणा."

"ॲल्युमिनियमला गंज चढत नाही."

"दाजी, हे त्यांना कुठे माहीत असणार आहे?"

"मला माहीत आहे ना."

तो हसला. "ॲसिड टाकलं तेव्हा कुठे होतं हे?"

मी अर्जाची घडी करून खिशात ठेवली.

पुनर्नोंदणीच्या तपासणीच्या दिवशी आरटीओच्या निरीक्षकाने गाडी बघितली, क्रमांकावर बॅटरी मारली आणि अर्ज उभ्याउभ्याच वाचला. माणूस माझ्याच वयाचा होता, उन्हातच त्याच्यामागे अजून बऱ्याच गाड्या थांबलेल्या होत्या. वाचताना एका ओळीवर थांबून त्याने माझ्याकडे पाहिलं.

"चोवीस तास?"

"हो."

"आमच्याकडे कपाशीला ठिबक आहे," तो म्हणाला. "आम्हीही चोवीस तासच ठेवतो."

मग त्याने तक्ता आणि जुना ठसा बराच वेळ बघितला. म्हणाला की त्याला स्वतःला यात काही गैर वाटत नाही, पण त्याचं वाटणं पुरेसं नाही. गाडी बनवणाऱ्यांच्या नोंदीशी क्रमांक ताडून बघावा लागेल, पोलिसांकडून दाखला लागेल, मग परवानगी मिळाली तर क्रमांक त्यांच्यासमोर पुन्हा कोरता येईल. तोपर्यंत गाडी रस्त्यावर आणायची नाही. किती दिवस लागतील ते सांगता येत नाही, आणि नाही म्हणूनही उत्तर येऊ शकतं.

गाडी नानांच्या शेडमध्ये ठेवली. जुन्या पुस्तकाची मुदत संपली. पुढचे आठ महिने मी महिन्यातून एकदा धुळ्याला बसने जात होतो. एकदा दाखल्यासाठी, एकदा दुसऱ्या अर्जासाठी, एकदा तिसऱ्या. काम नसलं तरी जायचो, कारण इंजिन सुरू करून ठेवणं गरजेचं होतं. नानांनी डोकं भरून घासून बसवलं होतं. चारही सिलिंडरचा दाब मी मोजला. एकशे अडुसष्ट, एकशे पासष्ट, एकशे अठ्ठावीस, एकशे सदुसष्ट. तिसरा कमी तो कमीच राहिला. शेडच्या भिंतीपासून फाटकापर्यंत अकरा मीटर आहेत. अकरा मीटर पुढे, अकरा मागे, असं दहा मिनिटं चालवायचं आणि बंद करायचं.

या आठ महिन्यांत गाडीचा कंटाळा आला होता हे मान्य केलं पाहिजे. नकार आला तर बरं, असंही एकदा परतीच्या बसमध्ये वाटलं. नकार आला तर सांगायला एक कारण तरी मिळेल. पण नानांकडे गेलो की ते बॉनेटवर फडकं फिरवत असायचे. त्यांनी बदललेल्या अकरा इंजिनांपैकी चालू असलेलं हे एकच उरलं होतं. ते असं कधी म्हणाले नाहीत. मी कॅलेंडरं मोजताना एकेकाचं विचारलं तेव्हा समजलं.

परवानगी आली. निरीक्षकांसमोर, जुन्या आकड्यांना हात न लावता, त्यांच्याखाली सगळा क्रमांक नव्याने कोरायचा होता. नानांनी तो कोरला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. प्रत्येक घावाआधी ते थांबून पंच पुन्हा सरळ धरत होते. सात घाव व्हायला सहा मिनिटं लागली. मग कागद धरून पेन्सिल घासली. वरच्या ओळीत सहा आकडे आणि एक डाग, खालच्या ओळीत सात आकडे. निरीक्षकाने सही केली आणि पुढच्या गाडीकडे गेला.

"आते चार हजारना वर नको नेऊ हाईले," नाना म्हणाले. म्हणजे इंजिनचे फेरे मिनिटाला चार हजारांच्या आत ठेवायचे. तिची खरी ताकद चार हजारांच्या पुढेच आहे.

"नाही नेणार."

"लई जोरदार व्हती ही." त्यांनी दार लावून दिलं. "पानी कोनतं टाकशी?"

"बॅटरीचं. शुद्ध."

शनिवार-रविवार बायकोच्या माहेरी थांबलो. सोमवारी सकाळी धुळ्याहून निघालो आणि साठच्या पुढे गेलो नाही. पारोळ्याच्या पुढे बसने हॉर्न दिला आणि मला मागे टाकून गेली. सवयीने घड्याळाकडे पाहिलं. सात एक्केचाळीस. खिडकीत एक बाई झोपली होती, बाकीचे फोनमध्ये होते. गाडीकडे कुणी बघितलं नाही.

कारखान्यात पोचल्यावर साहेबांकडे गेलो. माहितीपत्रक पुन्हा छापायला जाणार होतं. ॲसिडच्या मजकुराखाली एक ओळ वाढवायची आहे म्हटलं. 'हे द्रावण फक्त प्लास्टिकच्या नळ्यांसाठी आहे. धातूच्या कोणत्याही भागात, इंजिनात किंवा रेडिएटरमध्ये वापरू नये.'

साहेबांनी वाचलं. "इंजिनात कोण टाकणार आहे हे?"

"टाकू शकतं कोणी."

"आजवर कोणी टाकलंय का?"

"एकाने," मी म्हटलं.

ओळ छापली गेली आहे. सगळ्यात खाली, लहान अक्षरांत. गाडी घरी दारात उभी आहे. रविवारी मी पाण्याची पातळी बघतो. गेल्या चार आठवड्यांत ऐंशी मिलिलिटर कमी झालं आहे.